चौदावा अर्ज

रुबेन झिराडकरांबद्दल लिहायचं तर आधीच सांगून टाकते, मला त्यांचा राग आहे. माणूस इतका चांगला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही, त्यामुळे तो राग अजून तसाच साठून राहिलाय. गेल्या जानेवारीत ते ब्रिस्टलला वारले, म्हणून हे लिहायला मी मोकळी झाले. ते असते तर एक अक्षर लिहिलं नसतं, कारण तसं वचन दिलं होतं, आणि तेही एक नाही, दोन.

आमची बिल्डिंग पश्चिम लंडनमध्ये आहे. कुठल्या बरोमध्ये, म्हणजे कुठल्या कौन्सिलच्या हद्दीत, ते लिहीत नाही. कौन्सिलची पत्रं मला आधीच पुरेशी आली आहेत. हाउन्सलोला भाजी आणायला एक बस पुरते आणि विमानं डोक्यावरून जाताना बोलणं थांबवावं लागतं, एवढ्यावरून काय ते ओळखा. चार मजले, चोवीस फ्लॅट. त्यांतले दहा कौन्सिलच्या भाडेकरूंचे, चौदा लोकांनी विकत घेतलेले. विकत घेतलेले म्हणजे आतल्या भिंती आपल्या. छप्पर, जिने, खिडक्या कौन्सिलच्या. त्यांची दुरुस्ती कधी करायची आणि केवढ्याला करायची हे कौन्सिल ठरवणार, आणि वाटणीचं बिल आपल्याला येणार. घर घेताना वकिलानं हे सगळं वाचून दाखवलं होतं. वकील वाचून दाखवतो तेव्हा कोण ऐकतं? आम्ही पडद्यांचा रंग ठरवत होतो.

रुबेनकाका आमच्या शेजारच्या दारात. बेने इस्रायली माणूस, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ अलिबागजवळच्या झिराडचा. १९६५ साली इकडे आले, तरी मराठी माझ्याहून चोख. छत्तीस वर्षं त्यांनी विमानतळावरच्या एका वर्कशॉपमध्ये विमानांच्या सीटा दुरुस्त केल्या. कुठल्याही खुर्चीत बसले की दोन्ही हात टेकवून आधी जरा डोलायचे आणि मग निकाल द्यायचे, "उजवीकडचा बोल्ट ढिला आहे." आमच्या सोफ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केलं.

त्यांच्या बायकोचं नाव बथशेबा. मी त्यांना मावशी म्हणायचे. शाळेच्या किचनमध्ये आयुष्य गेलेली बाई, उंच, कमी बोलणारी. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी शेगडी पेटायची नाही. मटण करायच्या ते नारळाच्या दुधातलं, आणि एक डबा आमच्याकडे यायचाच. मावशींना एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. "आम्ही कधी कुणाचा पैसा अंगावर ठेवला नाही," असं म्हणायच्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण सगळेच म्हणतो. मावशी तसं वागायच्याही. ख्रिसमसच्या सेलमध्ये मी नवीन टीव्ही आणला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "जुना बिघडला का?" आठवडाभर मला त्या टीव्हीसमोर बसवेना.

नोव्हेंबर २००५ मध्ये एकाच सकाळी चौदा दारांत चौदा पाकिटं पडली. नवं छप्पर, नव्या खिडक्या, नवं वायरिंग. प्रत्येक फ्लॅटची वाटणी एकवीस हजार सहाशे पौंड, बारा हप्त्यांत. नाही दिले तर कोर्ट, आणि कोर्टाच्या पुढे घर. माझ्या नवऱ्यानं, विनयनं, ते पत्र वाचलं, घडी घातली आणि बुटांच्या कपाटात ठेवलं, जणू तिथं ते आपोआप वितळणार होतं. जिन्यात भेटणारी माणसं दुसऱ्या दिवसापासून हवेबद्दल बोलायला लागली. इतकं थंडीबद्दल बोलणं मी त्या आठवड्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दार वाजवत फिरले ते रुबेनकाका. लायब्ररीत तीन दिवस बसून त्यांनी शोधून काढलं होतं की ज्यांना खरोखरच झेपत नाही त्यांच्या वाट्यातलं काही माफ करायचा, किंवा मुदत वाढवायचा, अधिकार कौन्सिलला आहे. मात्र आपणहून कुणी करणार नाही, मागावं लागतं. सगळ्यांच्या सह्यांची एक मागणी भर सभेत मांडायची आणि तिच्याबरोबर प्रत्येक घराचा वेगळा अर्ज द्यायचा: मिळकत किती, शिल्लक किती, कर्ज कुणाचं, दुखणं काय.

हेच अवघड होतं. सही करायला लोक तयार होते, पण अर्ज भरायला कुणी तयार नव्हतं. विनयच म्हणाला, "काका, आय ॲम नॉट पुटिंग माय ओव्हरड्राफ्ट ऑन पेपर. उद्या हे सगळं बिल्डिंगभर होईल."

काका आमच्या नापास सोफ्यावर बसले होते. ते म्हणाले, "विनय, कर्ज म्हणजे काय खरूज आहे का लपवायला? डॉक्टरपुढं कपडे काढायला लाजलास तर मरशील तू, डॉक्टर नाही मरणार."

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉयलनं तर त्यांच्या तोंडावर तीनदा दार लावलं. म्हातारा एकटा राहायचा, छातीचा दमेकरी, तिरसट. चौथ्या वेळी काका हत्यारांची पेटी घेऊन गेले आणि म्हणाले, तुझी खुर्ची करकरते ती मला खाली ऐकू येते, झोप लागत नाही. खुर्ची दुरुस्त होईपर्यंत डॉयलनं आपण होऊन सांगितलं की पेन्शनच्या पुस्तकाशिवाय त्याच्याकडे काहीही नाही. सांगताना रडला म्हणे. काकांनी तिथंच त्याचा अर्ज लिहून घेतला.

असे एकेक करत तेरा अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर टाइप झाले. टाइप मी करायची आणि माझी मुलगी तनू चुका काढायची. "आई, काइंडली डू द नीडफुल असा कोणी नाही लिहिते. कौन्सिलवाले हसेल." तिच्या मराठीवर मी हसायचे, माझ्या इंग्रजीवर ती. त्या दोन महिन्यांत आमचा जिना पहिल्यांदाच बोलका झाला. एकमेकांचं सगळं उघडं पडलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

चौदावा अर्ज काकांचा स्वतःचा. तो ते टाळत होते. एका दुपारी मावशी डेंटिस्टकडे गेल्या तेव्हा आले, खुर्चीत न डोलता बसले आणि म्हणाले, "मंजिरी, तनूला आत पाठव."

मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. २००१ साली त्यांच्या मुलानं, नॅथॅनिएलनं, मँचेस्टरला कॉम्प्युटरचं दुकान काढलं होतं. काकांनी फ्लॅट गहाण टाकून त्याला पंच्याऐंशी हजार पौंड दिले. तेव्हा बँका कुणालाही पैसे देत होत्या, बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यालासुद्धा. दोन वर्षांत दुकान बसलं. नॅथॅनिएल आता मँचेस्टरमध्ये टॅक्सी चालवत होता आणि त्याच्या दुकानाचे हप्ते काकांच्या पेन्शनमधून जात होते. शिल्लक शून्य. तेराही घरांपेक्षा या घराची अवस्था वाईट होती.

"मावशींना?" मी विचारलं.

"तिला सांगितलंय, दुकान बँकेच्या पैशावर निघालं. खोटं नाही ना ते?" ते हसले, पण फक्त तोंडानं. "एका कागदावर तिची सही लागली होती. मी जिथं बोट ठेवलं तिथं तिनं केली. कधी काही विचारत नाही गं ती."

"काका, तुम्ही जगाला सांगत फिरलात, लपवू नका म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान झालं हे."

"आपण कोरडा पाषाण," त्यांनीच पुरं केलं. "सगळं कबूल. मेयरला कळू दे, कौन्सिलला कळू दे. बथशेबाला नको. तिच्याकडे अभिमान बाळगायला दुसरं काय आहे? झाकली मूठ राहू दे पोरी. वचन दे."

मी दिलं. अर्ज पाकिटात घालून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. इथवर सगळं ठीक होतं. यापुढचं मी केलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कौन्सिलची सभा होती. मागणी मांडायला एकाच माणसाला तीन मिनिटं मिळणार होती आणि अर्थातच तो माणूस रुबेनकाका. काकांनी मावशींना सांगितलं होतं, थंडी आहे, कंटाळवाणं असतं, तू येऊ नकोस. मला वाटलं, हे काय! उभा जन्म सीटा शिवणारा माणूस मेयरसमोर उभा राहून बोलणार, आणि त्याचं कौतुक बायकोनं बघायचं नाही? मी दुपारी मावशींकडे गेले. फार आग्रह करावा लागला नाही. त्यांनी कपाटातली नारायणपेठी काढली, वर जाड कोट घातला, आणि आम्ही दोघी बसनं निघालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अर्ज पाकिटात आहे, तोंडानं काही बोलायचं नाही, मग मावशी आल्या तर बिघडतं कुठे, असा माझा हिशेब होता. चांगल्या घरातल्या बाया बसून करतात तसला चांगुलपणा होता तो, आणि त्याची शिसारी मला आजही येते.

सभागृह जुनं, लाकडी. मेयरच्या गळ्यात साखळी. प्रेक्षकांनी वरच्या गॅलरीत बसायचं, बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं दारावरच लिहिलेलं. खाली काका टेबलापाशी उभे, पुढ्यात लिफाफ्यांचा गठ्ठा. वर बघितलं तेव्हा त्यांना मी दिसले आणि माझ्या शेजारी मावशी दिसल्या. एवढ्या लांबूनही मला कळलं की त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, घाबरले असतील बोलायला.

बोलले मात्र सुरेख. आकडे मोजके दिले आणि कुणाचं नाव न घेता डॉयलची खुर्ची सांगितली. खालचे काही जण कागदांवरून मान वर करून ऐकायला लागले. मग एक कौन्सिलर बाई उठल्या. आवाज गोड, प्रश्न नाही. हे फ्लॅट तुम्ही भाडेकरू असताना सवलतीत, अर्ध्या किमतीत घेतलेत, असं त्या म्हणाल्या. आता त्यांची किंमत चौपट झाली आणि छपराचे पैसे बरोतल्या भाडेकरूंनी भरायचे? मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, मिस्टर झिराडकर, इतरांचं राहू द्या. तुमच्यापुरतं सांगा. तुम्हाला स्वतःला तुमचा वाटा देता येतो की नाही?

काकांनी वर बघितलं. मावशी ताठ बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि काकांकडे बघून अगदी हळू मान हलवली.

"मॅडम," काका म्हणाले, "मी आजवर कुणाचं देणं ठेवलं नाही. माझा वाटा मी देईन. ज्यांना देता येत नाही त्यांच्यासाठी मी इथं उभा आहे."

खालूनच, कौन्सिलरांच्या बाकांवरून, टाळ्या आल्या. त्या बाईसुद्धा मान तुकवून खाली बसल्या. त्यानंतर कुणी विरोधात बोललं नाही. ठराव झाला की अर्ज सात जणांच्या समितीनं तपासावेत आणि गरजूंना सूट द्यावी. ज्यांचे अर्ज राहिले असतील त्यांनी चौदा दिवसांत पाठवावेत. क्लार्क लिफाफे घ्यायला आली. काकांनी गठ्ठ्यातला सर्वात खालचा लिफाफा काढून पुन्हा कोटाच्या आत ठेवला आणि तेरा तिच्या हातात दिले. मी वरून बघत होते आणि मला ओरडायची सोय नव्हती.

परतीच्या बसमध्ये मावशी आम्हा दोघांच्या मधे बसल्या. काका खिडकीबाहेर बघत होते. मावशी एकदाच बोलल्या, "बरं बोललात." काकांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं. "चौदा दिवस आहेत. अर्ज द्या."

"भर सभेत शब्द दिलाय मी."

"शब्द गेला खड्ड्यात! तिथं फक्त मावशी बसल्या होत्या म्हणून बोललात तुम्ही. चूक माझी आहे, मी त्यांना आणलं. मी कमिटीला लिहून देते तसं."

"आणि ते काय म्हणतील? पुढारी खोटं बोलला, मग बाकीचे तेरा खरे कशावरून?" ते पायरीवर बसले. गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. "ती टाळी कशाला पडली, बघितलंस ना? त्या एका वाक्यावर तुम्हा सगळ्यांचं काम झालं. आता ते वाक्य मी काढून घेऊ? आणि तिनं मान हलवली तीही बघितलीस. आयुष्यात पहिल्यांदा लोकांत माझ्यासाठी टाळी पडली आणि तिनं ती ऐकली. तुझ्यामुळे ऐकली. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी पुढचे तेरा दिवस त्यांचा पिच्छा सोडला नाही. शेवटच्या दिवशी अर्जाची नवी प्रत छापली आणि पेन घेऊन त्यांच्या घरीच गेले. मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी कागद काकांच्या पुढ्यात ठेवला आणि पुटपुटले, "फक्त सही. पाच वाजेपर्यंत मी नेऊन देते." काकांनी पेन हातात घेतलं. देवाशपथ सांगते, त्यांनी टोपण काढलं होतं. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि काकांनी झटकन कागदावर पेपर ओढला. मावशींनी कप नेमका त्या पेपरवर ठेवला. मग आमच्याकडे बघत थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. कुणीच काही बोलेना तेव्हा आत गेल्या. काकांनी टोपण लावून पेन माझ्या हातात दिलं.

सही खोटी करावी असंही माझ्या मनात आलं. विनय म्हणाला, "आर यू मॅड? दॅट्स फ्रॉड." बरोबर होतं त्याचं. त्याचा ओव्हरड्राफ्टवाला अर्ज समितीपुढे सुखरूप पोचला होता ना.

मे महिन्यात निकाल लागला. तेराही अर्ज मंजूर. डॉयलचं जवळजवळ सगळं माफ झालं. आम्हाला आठ हजारांची सूट आणि उरलेल्याला दहा वर्षांची मुदत. काकांच्या घरी पत्र आलं ते पुढच्या हप्त्याचं. त्याच आठवड्यात मावशींनी मलिदा केला. त्यांच्यात एखादं काम फत्ते झालं की एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, वर पाच प्रकारची फळं. तेरा घरची माणसं त्या छोट्या बैठकीत दाटीवाटीनं उभी होती. काकांनी प्रार्थना म्हटली आणि प्रत्येकाच्या हातावर मलिदा ठेवला. लोक त्यांना मिठ्या मारत होते. डॉयल म्हणाला की तुझ्यासारखा माणूस मी बघितला नाही, आणि काका म्हणाले, खुर्ची अजून करकरते का? मला तो मलिदा गिळवेना. रुमालात बांधून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी खाल्ला, कारण टाकवेनाही.

सदुसष्टाव्या वर्षी काका पुन्हा विमानतळावर जायला लागले. मावशींना सांगितलं, जुन्या लोकांनी सल्ल्याला बोलावलंय. मी तिथल्या परफ्यूमच्या दुकानात काम करते, म्हणून मला खरं कळलं. एका एजन्सीतर्फे ते विमानं साफ करत होते. उतारू उतरले की वीस मिनिटांत आत शिरायचं आणि सीटांच्या खिशांतला कचरा काढायचा. एकदा स्टाफच्या कँटीनमध्ये पिवळं जाकीट घालून बसलेले दिसले. मला बघून उठू लागले, तर एका झटक्यात उठता आलं नाही. "हल्लीच्या सीटा अगदीच टाकाऊ," एवढंच म्हणाले.

डिसेंबरमध्ये गुडघा कायमचा गेला आणि काम सुटलं. मग बँकेचे हप्ते थकले, कौन्सिलचे थकलेलेच होते. कोर्टाचं पत्र आलं. मार्च २००७ मध्ये काकांनी फ्लॅट विकला. सगळी देणी भागवून हातात उरलं त्यात लंडनमध्ये गॅरेजसुद्धा आलं नसतं. मुलीकडे, नतालीकडे, ब्रिस्टलला मागची एक खोली होती. मावशींना त्यांनी कारण दिलं: गुडघ्याला जिने झेपत नाहीत आणि नताली कधीची बोलावतेय. मावशी म्हणाल्या, "बरं." तेहतीस वर्षांचं घर, आणि एका शब्दावर त्या उठल्या.

जायच्या दिवशी काका खाली व्हॅनपाशी होते, बिल्डिंगमधले सगळे जमले होते. मी आणि मावशी वर स्वयंपाकघरात शेवटची भांडी गुंडाळत होतो. मला रडू आवरत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा."

"कशाबद्दल? मला सभेला नेलंस म्हणून?" त्या भांडं पुसत होत्या. "अगं, गहाणाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सही केली ती वाचून केली. शाळेत तीस वर्षं मी पोरांच्या ॲलर्जीच्या याद्या वाचल्या. एक कागद वाचता येत नाही मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांना वाटत होतं, मला ठाऊक नसावं. मग मला ठाऊक नव्हतं."

"आणि सभेत?"

"म्हणून तर लगेच आले तुझ्याबरोबर. घरात माझ्यासमोर त्यांच्याच्यानं सांगणं झालं नसतं. म्हटलं, तिथं कुणीतरी विचारेल, त्यांना बोलावंच लागेल, मी वरून ऐकेन, आणि घरी जाताना दोघंही मोकळे. त्या बाईनं विचारलंही तसंच. त्यांनी वर बघितलं, मी मान हलवली, बोला म्हणून." त्यांनी भांडं खोक्यात ठेवलं. "आणि ते काय बोलले ते तू ऐकलंसच."

माझं डोकं फिरलं. दोघांचाही इतका संताप आला की हातातलं ताट मी आपटलंच. "चहा ठेवलात त्या दिवशीसुद्धा बोलता आलं असतं! एक वाक्य, मावशी! चला खाली, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते."

मावशींनी माझा हात धरला. वर्षानुवर्षं मोठाली पातेली उचललेला तो हात, सुटेना. खालून काका त्यांना हाक मारत होते.

"नाही सांगायचं," त्या म्हणाल्या. "वचन दे मला. आपलं घर उगाच गेलं, असं वाटेल त्यांना."